लाकडी फ्लोअरिंग: भिंतीलगतची फट आणि स्कर्टिंग

(शिर्डी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज आपण ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत तिची रुंदी आहे १० मिलीमीटर. करंगळीपेक्षा थोडी कमीच. खोलीत लाकडी फ्लोअरिंग बसवलं की चारी बाजूंना भिंतीलगत एवढी फट सोडायची असते आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची असते. काम पूर्ण झाल्यावर ही फट कुणालाच दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे कुणी मोजत नाही, म्हणून घाई झाली की पहिली काट तिलाच बसते. मग दोन-तीन महिन्यांनी खोलीच्या मधोमध फ्लोअरिंग वर उचललं जातं, पाय ठेवला की दबतं, आणि भांडण सुरू होतं. मालक मिस्त्रीला बोलतो, मिस्त्री मालाला दोष देतो, दुकानदार म्हणतो तुम्ही पाणी ओतून पुसलंत.

शिर्डीत हा विषय घ्यायचं कारण उघड आहे. इथली लॉज आणि हॉटेलं सतत नव्यानं सजवली जातात. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा, शिवाय दर गुरुवार आणि शनिवार-रविवार, एवढे गर्दीचे दिवस सोडले तर खोली बंद ठेवायला सवड मिळते ती जेमतेम आठवडाभराची. तेवढ्यात जुन्या फरशीवरच लॅमिनेट टाकून घ्यायचं, हा सोपा मार्ग वाटतो. तो वाईट नाही. पण त्यातली दोन-तीन पथ्यं पाळली नाहीत, तर एका पावसाळ्यात खर्च पाण्यात जातो.

तरंगतं म्हणजे काय?

आपल्याकडची शहाबादी, कोटा किंवा व्हिट्रिफाइड फरशी सिमेंटनं खालच्या थराला कायमची चिकटलेली असते. आज बोलतोय ते फ्लोअरिंग तसं नाही. त्याच्या पट्ट्या एकमेकींत खाच आणि जीभ अशा अडकतात, पण खालच्या फरशीला खिळ्यानं किंवा गोंदानं जोडलेल्या नसतात. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर दोन-तीन मिलीमीटरचा फोम आणि त्यावर नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या. सगळी खोली मिळून एकच मोठा तक्ता तयार होतो आणि तो सतरंजीसारखा जमिनीवर पडून राहतो. म्हणून त्याला तरंगतं म्हणतात.

हा प्रकार फार जुना नाही. स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॅमिनेट फ्लोअरिंग तयार केलं आणि ते पुढे पर्गो या नावानं जगभर गेलं. सुरुवातीला पट्ट्यांच्या खाचेत गोंद घालून त्या जोडाव्या लागत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोंदाशिवाय 'कट्' करून बसणारे सांधे आले आणि मग हे काम झपाट्यानं सोपं झालं. सोपं झालं, तसं घाईतही होऊ लागलं.

लाकूड हलतं, ते का?

हे समजायला प्रयोगशाळा नको. पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सहज लागतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लाकडी बैलगाड्या होत्या तेव्हा उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून लोखंडी धाव सैल व्हायची, मग शेतकरी चाक पाण्यात भिजवून ठेवायचे. आणि आपली काळी माती घ्या. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, जुलैत सगळ्या मिटलेल्या. लाकूडही असंच हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेतला की फुगतं, सोडला की आकसतं.

आता आकडे पाहू. हवेचं तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असेल, तर लाकडातला ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाली की तोच ओलावा १५ टक्क्यांच्या पुढे जातो. आपला भाग पर्जन्यछायेतला. एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी हवा कमालीची कोरडी असते, आर्द्रता सहज २०-२५ टक्क्यांवर येते. ऑगस्टमधल्या सकाळी ती ८० च्या वर असते. कोकणात हवा वर्षभर दमटच असते, त्यामुळे तिथे हा फरक इतका मोठा नसतो. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून लाकडाला त्रास कमी, असं लोकांना वाटतं. पण लाकडाला किती पाऊस पडला याच्याशी घेणं नाही. कोरड्या हवेतून ओल्या हवेत ते किती मोठी उडी मारतं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

लाकूड रोजच्या रोज एवढं बदलत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून टोकाचे आकडे न घेता, खोलीतल्या लाकडाचा ओलावा उन्हाळ्यात ६ टक्के आणि पावसाळ्यात १३ टक्के धरू. ९० मिलीमीटर रुंदीची सागवानाची अखंड फळी एवढ्या फरकानं रुंदीत साधारण एक मिलीमीटर वाढते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच वाढत नाही. लाकडाचा हा स्वभावच आहे: रेषेच्या आडवं हलतं, रेषेच्या दिशेनं नाही. एक मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा ३३ फळ्या लागतात. बेरीज ३० मिलीमीटरच्या पुढे गेली. म्हणूनच अखंड लाकडाच्या फळ्या सहसा तरंगत्या ठेवत नाहीत. त्या खालच्या पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकतात, म्हणजे प्रत्येक फळीची हालचाल तिच्या जागीच राहते.

तरंगत्या कामासाठी दोन प्रकारचा माल येतो. एक म्हणजे इंजिनिअर्ड वुड. त्यात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर असतात. एक थर पसरायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. दुसरा प्रकार लॅमिनेट. यात लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेली घट्ट पाटी असते, जिला एचडीएफ म्हणतात. तंतू सगळ्या दिशांना असल्यामुळे ही पाटी लांबी-रुंदी दोन्हीकडे हलते, पण अखंड लाकडापेक्षा खूप कमी.

हिशेबासाठी आम्ही एक सोपा अंदाज धरतो: लॅमिनेट मोठ्या ऋतुबदलात मीटरला अडीच मिलीमीटरपर्यंत हलू शकतं. लॉजची नेहमीची खोली १० बाय १४ फूट, म्हणजे लांबीला सव्वाचार मीटरच्या आसपास. चार गुणिले अडीच, दहा-अकरा मिलीमीटर झाले. दोन्ही टोकांना वाटले तर प्रत्येकी साडेपाच. आपण दोन्हीकडे १० मिलीमीटर सोडले, तर काम निभावतं आणि थोडं हातचं राहतं. पाकिटावर ८ ते १२ मिलीमीटर लिहिलेलं असतं, ते उगीच नाही. मालाबरोबर आलेल्या कागदावर जो आकडा असेल तो आमच्या अंदाजापेक्षा वरचढ समजा, कारण वॉरंटी त्या कागदावर चालते.

आणि हाच हिशेब २० मीटरच्या पॅसेजला लावून बघा. ५० मिलीमीटर. एवढी फट कोणतीही स्कर्टिंग झाकणार नाही. म्हणून ८ ते १० मीटरपेक्षा लांब सलग पट्टा टाकायचा नाही. मध्ये तोडून टी आकाराची पट्टी टाकायची. खोलीतून पॅसेजमध्ये जाताना दाराच्या रेषेतही तोडायचं. दार ही चिंचोळी जागा. दोन मोठे तक्ते तिथे जोडलेले राहिले, तर ओढाताण नेमकी तिथेच होते.

माल कधी आला, कधी बसवला

पट्ट्यांची पाकिटं आणल्या आणल्या उघडून बसवायची नाहीत. ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत बंद पाकिटं आडवी ठेवून किमान ४८ तास जाऊ द्यायचे. गोदामातला ओलावा वेगळा, खोलीतला वेगळा. खोलीत एसी वापरणार असाल तर तो नेहमीसारखा चालू-बंद होऊ द्या.

मे महिन्यात बसवलेलं काम पावसाळ्यात फुगणार, म्हणून तेव्हा फट पूर्ण सोडा, एक मिलीमीटरही कमी नको. ऑगस्टमध्ये बसवलेलं काम उन्हाळ्यात आकसणार. त्यावेळी धोका उलटा असतो: फट रुंद होऊन स्कर्टिंगच्या बाहेर डोकावते. म्हणून स्कर्टिंगची जाडी फटीपेक्षा जास्त हवी. फट १० असेल आणि प्रत्येक बाजूला ५ मिलीमीटर आकसण्याची शक्यता धरली, तर १५ झाले. १६ ते १८ मिलीमीटर जाडीची स्कर्टिंग घेतली की वर्षभर चिंता नाही. बाजारात १० मिलीमीटरची पट्टी स्वस्त मिळते. ती कुठे पुरेल आणि कुठे नाही, हे आता तुम्हीच सांगू शकता.

खालच्या ओलाव्याचंही एक सांगून ठेवतो. नवीन बांधकामात २८ दिवस झाले म्हणजे काँक्रीट वाळलं असं नाही. २८ दिवस हे त्याच्या ताकदीचं माप आहे. वाळायला त्याहून बराच वेळ लागतो. घरगुती तपासणी अशी: मीटरभर चौकोनी प्लास्टिक कागद जमिनीवर पसरून चारी कडा टेपनं बंद करा आणि २४ तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा जमीन गडद दिसली, तर थांबा.

आपल्याकडची खरी अडचण: आधीपासून असलेली टाइलची स्कर्टिंग

परदेशी व्हिडिओंमध्ये दाखवतात, जुनी लाकडी स्कर्टिंग काढली, फ्लोअरिंग टाकलं, स्कर्टिंग परत लावली. आपल्याकडे बहुतेक घरांत आणि लॉजमध्ये भिंतीला तीन-चार इंच उंचीची टाइलची स्कर्टिंग सिमेंटनं पक्की बसवलेली असते. ती गिलाव्याच्या पुढे आलेली असते, आणि सगळीकडे सारखी नाही. कुठे ८ मिलीमीटर, कुठे १५.

इथे पहिला नियम लक्षात ठेवा. फट भिंतीपासून मोजायची नाही, जो अडथळा सगळ्यात पुढे आहे त्याच्यापासून मोजायची. टाइलची स्कर्टिंग राहणार असेल तर टाइलच्या तोंडापासून १० मिलीमीटर. आणि खोली क्वचितच गुण्यात असते. एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला ४ भरली, तर चारच धरायचे. तेवढ्या भागात पट्टी तिरकी कापावी लागते.

मग झाकायचं कसं? तीन मार्ग आहेत.

एक, टाइलची स्कर्टिंग छिन्नीनं काढून टाकायची. गिलावाही थोडा निघतो, धूळ होते, खालचा हात रंगवावा लागतो. पण शेवटचं काम सगळ्यात नेटकं दिसतं. खोली तशीही रंगवायची असेल तर हाच मार्ग.

दोन, टाइल तशीच ठेवून तिच्यावरून नवी उंच स्कर्टिंग लावायची. यासाठी मागून पोकळ असलेली पट्टी मिळते, ती टाइलला पोटात घेते. वरची कड भिंतीला टेकते का, हे विकत घेण्यापूर्वी एक तुकडा लावून बघा.

तीन, टाइल दिसू द्यायची आणि तिच्या पायाशी पाव-गोल बीडिंग लावायचं. स्वस्त आणि एका दिवसात होणारं काम. बीडिंगची रुंदी मात्र फट आणि आकसणं दोन्ही झाकेल एवढी हवी, आणि ते टाइलला चिकटवायचं.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्याच प्रकारांना लागू आहे. स्कर्टिंग असो की बीडिंग, ते भिंतीला लागतं, फ्लोअरिंगला कधीच नाही. फ्लोअरिंगमध्ये खिळा गेला की तरंगणारा तक्ता त्या जागी खिळला. भिंतीला गिट्टी मारून स्क्रूनं बसवा किंवा चिकटवा. चिकटवताना गोंदाचा गोळा खाली फ्लोअरिंगवर ओघळू देऊ नका. दाबून बसवायचीही नाही. आम्ही खाली लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून ठेवतो, स्कर्टिंग पक्की झाली की तो ओढून काढतो. तेवढ्या केसभर जागेमुळे फ्लोअरिंग खालून मोकळं सरकतं आणि पावलागणिक कुरकुर येत नाही.

भिंत वाकडी असेल तर स्कर्टिंगच्या वरच्या कडेला फट दिसते. ती रंग देता येणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटनं भरा. वरची भरायची, खालची नाही.

स्कर्टिंगचा माल कोणता? एमडीएफ दिसायला सुबक, पण रोज फडका लागतो तिथे खालची कड फुगते. तळमजल्यावर आणि लॉजच्या खोलीत पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बरी. सागवानाची लावायची असेल तर मागच्या बाजूलाही पॉलिश किंवा सीलरचा एक हात द्या, नाहीतर पुढून-मागून ओलावा वेगळा बसून पट्टी पिळते.

चौकट, उंबरठा आणि नळ

भिंती सोप्या असतात. फसतं ते दारापाशी. लाकडी चौकट असेल तर फ्लोअरिंगचा एक तुकडा आणि फोम जमिनीवर ठेवायचा, त्यावर करवत आडवी धरायची आणि चौकटीचा पाय तेवढ्या उंचीवर कापायचा. मग पट्टी चौकटीच्या खाली सरकते आणि फट आतल्या आत लपते. ग्रॅनाइटची किंवा लोखंडी चौकट कापता येत नाही. तिथे तिच्या आकाराप्रमाणे पट्टी कापायची, ८-१० मिलीमीटर अंतर ठेवायचं आणि त्यात फोमची दोरी बसवून वरून रंगाला जुळणारं लवचीक सीलंट भरायचं. सिमेंट नको, पुट्टी नको. दाराची फळी खालून तासावी लागेल, हे आधीच पाहून ठेवा. ८ मिलीमीटरची पट्टी आणि २ मिलीमीटरचा फोम, म्हणजे जमीन १० मिलीमीटरनं वर येणार.

बाथरूमच्या उंबरठ्याशी फ्लोअरिंग संपतं तिथेही हीच पद्धत, फोमची दोरी आणि सिलिकॉन. वर शेवटची धातूची पट्टी. तिची खालची पट्टी फटीतून खालच्या फरशीला स्क्रू करायची, लाकडातून आरपार नाही. पाण्याचा किंवा एसीचा पाइप जमिनीतून येत असेल तर भोक पाइपपेक्षा २० मिलीमीटर मोठं पाडा आणि वरून कडी बसवा.

फट आहे, तरी फुगलं

इथे दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे वजन. भिंतीला पक्कं केलेलं कपाट, संगमरवरी देवघर, खाली साठवणीचा खण असलेला अवजड पलंग. अशा वस्तूनं एक टोक दाबून धरलं, तर सगळी हालचाल दुसऱ्या टोकाला जाते. साडेपाच आणि साडेपाच अशी वाटणी मोडून एकाच बाजूला अकरा येतात आणि १० ची फट अपुरी पडते. म्हणून पक्की कपाटं आधी बसवायची आणि फ्लोअरिंग त्यांच्यापर्यंत आणून फट सोडून थांबवायचं. दाराचा स्टॉपर जमिनीत ड्रिल मारून बसवू नका, तो भिंतीवर किंवा दारावर लावा. एक स्टॉपर आख्खी खोली खिळवून ठेवतो.

दुसरी गोष्ट एका लॉजमधल्या उदाहरणानं सांगतो. मे महिन्यात चार खोल्यांत लॅमिनेट बसवलं. जुलैच्या मध्यावर एका खोलीत मधोमध आडवा उंचवटा आला. मालकानं मिस्त्रीची उरलेली रक्कम अडवली. मिस्त्री शपथेवर सांगत होता की फट सोडली होती. आम्ही स्कर्टिंग काढून पाहिलं. लांबीच्या भिंतींना १० मिलीमीटर मोकळे होते. आखूड भिंतींना मात्र फटीत पांढरं सिमेंट ठासून भरलेलं. फ्लोअरिंगवाले गेल्यावर आणि स्कर्टिंगवाले येण्यापूर्वी दुसऱ्याच कुणीतरी, मुंग्या येऊ नयेत म्हणून, चांगल्या मनानं ते भरलं होतं. सिमेंट छिन्नीनं काढलं, स्कर्टिंग न लावता खोली दहा दिवस तशीच ठेवली. उंचवटा बसला. तीन पट्ट्यांच्या खाचा तुटल्या होत्या, त्या बदलल्या. मिस्त्रीचे पैसे मिळाले.

यातून एक पद्धत आम्ही सगळ्यांना सांगतो. स्कर्टिंग लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीपाशी फटीत मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढायचा, मालकाला दाखवायचा आणि मगच झाकायचं. बसवताना घातलेल्या पाचरी काढल्या का, तेही त्याच वेळी दिसतं. पाचरी तशाच राहणं ही सर्रास होणारी चूक आहे. दोन मिनिटांचं काम, पण फुटाच्या दरानं काम करणाऱ्या मिस्त्रीची मजुरी त्यावर वाचते, आणि मालकालाही कुणाशी बोलायचं ते कळतं.

फुगलं तर आधी ओळखा कशानं

फट नसल्यानं फुगलं तर उंचवटा रुंद असतो, खाली पोकळी असते, पाय दिला की दबतं. पट्टीच्या कडा सपाटच असतात. हे बहुधा दुरुस्त होतं: स्कर्टिंग काढा, जिथे टेकलंय तिथे मल्टी-कटरनं कड कापून १० मिलीमीटर मोकळे करा, आठ-पंधरा दिवस थांबा.

पाण्यानं फुगलं तर प्रत्येक सांध्याची कड उचललेली दिसते, बोटाला टोचते. मधला भाग दबत नाही. फुगलेलं एचडीएफ वाळलं तरी मूळ जाडीवर येत नाही. तेवढ्या पट्ट्या बदलाव्याच लागतात, आणि पाणी कुठून आलं ते आधी शोधावं लागतं.

वाळवी असेल तर ठोकल्यावर खोलगट आवाज येतो आणि स्कर्टिंगमागे मातीच्या नळ्या दिसतात. इथे फ्लोअरिंगवाल्याच्या आधी वाळवीवाल्याला बोलवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: फटीतून मुंग्या, झुरळं येतात. मग ती भरायची कशानं?*

फट स्वतः भरायची नाही. खालचं प्लास्टिक भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, स्कर्टिंगमागे ते दडेल. स्कर्टिंगची वरची कड सीलंटनं बंद करा. भिंत आणि जुन्या फरशीच्या सांध्यात भेगा असतील तर त्या फ्लोअरिंग टाकण्यापूर्वी सिमेंटनं भरा. फरशीच्या पातळीवर सिमेंट चालतं, लाकडाच्या पातळीवर नाही.

*प्रश्न: एसपीसी पाण्यानं फुगत नाही म्हणतात. मग फट कशाला?*

पाण्यानं फुगत नाही हे खरं, पण त्यात प्लास्टिक आहे आणि ते उष्णतेनं वाढतं. पश्चिमेच्या मोठ्या काचेतून मे महिन्यातलं ऊन थेट जमिनीवर पडतं, तिथे त्याचा प्रत्यय येतो. कंपनी सांगेल तेवढी फट सोडा आणि तिथे पडदा लावा.

*प्रश्न: लॉजमध्ये दिवसातून दोनदा फरशी पुसावी लागते. लॅमिनेट टिकेल का?*

पिळलेल्या फडक्यानं पुसलं तर टिकेल. बादलीतलं फिनेलचं पाणी ओतून पुसायची सवय असेल तर टिकणार नाही. सफाई करणाऱ्या मावशींना हे काम सुरू होण्यापूर्वी सांगा, बिघडल्यावर नाही. आणि खरं सांगायचं तर तळमजल्याच्या ज्या खोल्यांत लोक ओल्या पायानं ये-जा करतात, तिथे टाइलच बरी. सगळीकडे लाकूड हवंच असं नाही.

*प्रश्न: आमच्याकडे काम होऊन वर्ष झालं. फट आहे की नाही ते स्कर्टिंग न काढता कळेल का?*

दाराच्या चौकटीपाशी किंवा बाथरूमच्या उंबरठ्याशी पट्टीचं टोक दिसतं का बघा. तिथे जागा असेल तर बहुधा इतरत्रही असेल. खात्री हवी असेल तर एका आखूड भिंतीची फूटभर स्कर्टिंग काढा. ऑगस्टमध्ये काढा. फुगण्याच्या दिवसांत तिथे तीन-चार मिलीमीटर जरी मोकळे दिसले, तरी तुमचं काम ठीक झालंय. स्कर्टिंग परत लावा आणि निश्चिंत राहा.